खालच्या मजल्याचा आवाज

आमचे हे गायक आहेत असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग ह्यांच्याकडे, आणि मग अगदी सभ्यपणे विचारतात, "हो का? काय गातात?" मी ग्रूपचं नाव घेते. 'पाच पायऱ्या' म्हटलं की पन्नाशीच्या पुढच्या कुणाचाही चेहरा उजळतो. "अय्या, म्हणजे त्या ताईंचे भाऊ!" झालं. तिथे ह्यांचा विषय संपतो आणि ताईंचा सुरू होतो. त्यांचा आवाज, त्यांचे केस, त्यांचा तो चांदीच्या काठाचा कोट. तो कोट मी शिवला होता, पण तेही कुणी विचारत नाही. म्हणून आज मी फक्त ह्यांच्याबद्दल सांगणार आहे, आणि मध्येच कुणी ताईंचं काढलं तर मी ऐकून घेणार नाही.

माझे सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे. आठ मजल्यांच्या इमारतीत तळाला, जिन्याच्या पोटात त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांत पाच मुलं. इमारतीची लिफ्ट चालू कमी आणि बंद जास्त. सासऱ्यांचं म्हणणं असं की ती मुळातच आळशी आहे. शेजारी म्हणायचे ते मुद्दाम बंद ठेवतात, आणि मला विचाराल तर शेजाऱ्यांचंच खरं असावं. कारण लिफ्ट बंद असली की तिचा घरघराट थांबायचा आणि जिना गाण्याला मोकळा व्हायचा. त्या जिन्यात आवाज सोडला की तो गोल होऊन परत यायचा. सासऱ्यांना गाण्याचं शिक्षण नव्हतं, पण कान असा की लिफ्टच्या चाकाचा एक दात झिजला तरी दुसऱ्या मजल्यावर उभं राहून सांगायचे.

त्यांनी मुलांना मजले वाटून दिले. ताई पाचव्यावर, कारण त्यांचा आवाज बारीक आणि स्वभाव आधीपासूनच उंचावरचा. दादा चौथ्यावर. धाकटे जुळे एका मजल्यावर ठेवले की मारामारी करायचे, म्हणून एक तिसऱ्यावर आणि एक दुसऱ्यावर. आणि आमचे हे तळाला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. सासरे बंद लिफ्टमध्ये स्टूल टाकून, दार उघडं ठेवून मधोमध बसायचे. त्या घरात कुणी चाल, स्वर, साथ असले शब्द वापरले नाहीत. ताई गायच्या ते 'वरचं' आणि हे गायचे ते 'खालचं'. ह्यांना सक्त ताकीद होती, "वरचं म्हणायचं नाही. ते ताईचं आहे. त्याच्याखाली काय बसतं ते तू शोध." सहा वर्षांचे असताना हे एकदा चुकून वरचं गायले, तर सासऱ्यांनी सगळ्या आठ मजल्यांचे डबे ह्यांच्याकडून बाहेर ठेवून घेतले. तेव्हापासून घरात ह्यांचं नावच 'खालचा' पडलं. सासूबाई जेवायला हाक मारतानासुद्धा "खालच्या, चल!" म्हणायच्या.

माझा ह्या घराशी संबंध आला तो कोटांमुळे. मी तेव्हा एका शिवणाच्या दुकानात कामाला होते. पाच जणांचे पाच निळे कोट शिवायचे होते. चौघं एकदम आले, आरशात बघून घेतलं, माझ्या टेपचा गुंता केला आणि गेले. हे दुसऱ्या दिवशी एकटे आले. मी कंबरेचं माप घेत होते आणि आकडा काही स्थिर राहीना.

"हलू नका हो," मी म्हटलं.

"मी नाही हललो. पोट हललं," हे म्हणाले. "गाताना श्वास पोटात जातो. तिथे दोन बोटं सैल ठेवा, बरं पडेल."

हे चौघांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच कार्यक्रमात चौघांची मधली बटणं तटातट उडाली, ताईंचं तर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांच्या कपाळावर बसलं. ह्यांचं तेवढं शाबूत राहिलं. त्यानंतर दौऱ्यावर सुईदोरा घेऊन मीही जायला लागले. दोन वर्षांनी लग्न केलं. लोक म्हणाले शिंपिणीनं बरोबर माप काढलं.

ते दिवस काय होते ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. 'खिडकीचं गाणं' आलं आणि लोकांनी ग्रूपला डोक्यावर घेतलं. न्हाव्याच्या दुकानात तेच, बसमध्ये तेच, शाळेच्या मधल्या सुट्टीत तेच. हॉलच्या मागच्या दाराशी पोरींची झुंबड उडायची. एकदा त्यातल्या एकीनं सरळ ह्यांच्या हातात कॅमेरा दिला. "काका, जरा आमचा ह्या चौघांबरोबर फोटो काढता?" ह्यांचं वय तेव्हा चोवीस. अंगात तोच निळा कोट. ह्यांनी निमूटपणे फोटो काढला, वर त्यांना सांगितलं, "थोडं आत सरका, ताईंची वेणी कापली जातेय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही सांगत का नाही, मी पण त्यातलाच आहे म्हणून?"

"त्यांना घाई होती गं. बस चुकली असती."

ह्यांची किंमत मला कळली ती एका दुपारी. हे तापानं फणफणले होते, म्हणून चौघंच स्टेजवर तालमीला उभे राहिले. गाणं तेच, ताईंचा आवाज तोच. पण अस्तर काढलेला कोट कसा खांद्यावरून घसरतो, तसं ते गाणं घसरत होतं. मी विंगेत बसून काज शिवत होते, तरी मला कळलं. ताई मध्येच थांबल्या. घशाला हात लावून म्हणाल्या, "आज माझा आवाज बसलाय का रे?" दादांनी त्यांना कोमट पाणी दिलं. आवाज नाही हो बसला, तुमचा भाऊ झोपलाय तापानं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण नवी सून होते, गिळलं.

पुढे ताईंना एकटीनं गावंसं वाटलं. त्यात त्यांचा काही दोष नाही, हे मी आता म्हणते. तेव्हा आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. ग्रूप मोडला. दादांनी वाद्यांचं दुकान काढलं, जुळे बोटीवरच्या ऑर्केस्ट्रात गेले. ह्यांना एका रेकॉर्ड कंपनीनं आवाजाच्या चाचणीला बोलावलं. ग्रूपमधलं कुणी तरी हवं होतं त्यांना. मी नवा पांढरा शर्ट शिवला, कॉलर तीनदा उसवून बसवली.

दुपारी हे परत आले, शर्ट घडी करून ठेवला आणि म्हणाले, "कळवतील."

काय झालं ते मला आमच्या दुकानात कळलं. त्या कंपनीची टायपिस्ट स्कर्टची झिप बदलायला आली होती. मी कोणाची कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं तो किस्सा विनोद म्हणून सांगितला. म्हणे, त्या फेमस ग्रूपमधला एक जण आला होता. साहेब म्हणाले, खिडकीचं गाणं म्हणा. पियानोवाल्यानं सुरुवात वाजवली, ह्यांनी गायला तोंड उघडलं आणि पियानोवाला थांबला. "हे कुठलं गाणं?" "खिडकीचंच." पुन्हा सुरुवात. ह्या वेळी पहिली ओळ ह्यांनी कशीबशी ताईंसारखी म्हटली. पण दुसऱ्या ओळीत ताई जिथे वर चढायच्या, तिथे हे आपोआप खाली उतरले. तिसऱ्या वेळीही तेच. साहेब म्हणाले, "अहो, स्वतःच्या घरचं गाणं येत नाही तुम्हाला?" आणि सगळी खोली हसली. पियानोवालासुद्धा. ह्यांनी आभार मानले, खुर्ची होती तिथे नीट लावली आणि बाहेर पडले.

टायपिस्टची झिप मी मुद्दाम उलटी बसवली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

घरी येऊन मी ह्यांना स्पष्टच विचारलं, "देशभरातली पोरंटोरं गातात ते गाणं तुम्हाला येत नाही?"

"येतं की. मला माझं येतं," हे म्हणाले. मग स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद करून म्हणाले, "हसले त्याचं काही नाही गं. पण तिथे उभं राहिल्यावर मला वाटलं, मी एकटा असलो की काहीच नसतो."

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

दीड वर्ष हे गायले नाहीत. सासऱ्यांची अवजारांची पेटी उचलली आणि लिफ्टा दुरुस्त करत फिरले. न्हाणीघरातही गाणं नाही. मी मुद्दाम रेडिओ लावायची, हे उठून हात धुवायला जायचे. मग एक दिवस एका रेकॉर्डिस्टचा फोन आला. हे गृहस्थ पूर्वी ग्रूपचं रेकॉर्डिंग करायचे, आणि काचेमागे बसून पाच आवाज वेगवेगळे ऐकलेला जगात तोच एक माणूस असावा. त्यांच्याकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी गात होती. आवाज चांगला, पण काडीसारखा, वारा आला की मोडेल असा. ते म्हणाले, "जरा खालून आधार द्यायला या."

हे ग्रीस लागलेल्या कपड्यांनीच गेले. मी मागोमाग स्वच्छ शर्ट घेऊन गेले, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. ह्यांनी त्या मुलीला गायला सांगितलं नाही. आधी विचारलं, "तुम्ही श्वास कुठे घेता?"

"मला नाही माहीत," ती रडवेली होऊन म्हणाली.

ह्यांनी तिच्याकडून गाण्याचे शब्द तीनदा नुसते वाचून घेतले आणि जिथे ती थांबली तिथे कागदावर पेन्सिलीनं टिंबं दिली. मग म्हणाले, "हे बघा, जिथे तुम्ही श्वास घ्याल, तिथे मी घेणार नाही. तुम्ही बिनघोर गा." मला लग्नाआधीसुद्धा ह्यांनी इतकं छान काही म्हटलं नव्हतं. मुलगी गायली. हे तिच्या मागे, दोन पावलं डावीकडे, बूट काढून उभे. काचेमागे रेकॉर्डिस्टनं डोळे पुसले, आणि मी ह्यांचा काढलेला ग्रीसचा शर्ट पिशवीत कोंबत राहिले.

त्यानंतर बावीस वर्षं. कुणाचा आवाज पातळ, कुणाचा भित्रा, कुणाचा नुसताच सुंदर. सगळ्यांच्या खाली हे. पेन्सिल कानावर, बूट दाराबाहेर. रेकॉर्डच्या पाठीवर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात, वादकांची बारीक अक्षरात, आणि शेवटी 'सहगायन: इतर'. मी ह्यांना 'श्रीयुत इतर' म्हणायला लागले. "इतर, चहा घेणार का?" हे हसायचे, पण मला ते टोचायचं, म्हणून मी माझ्या परीनं प्रचार चालू ठेवला. दुकानात रेडिओवर गाणं लागलं की गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप गुंडाळलेली असतानाच सांगायची, "हे आमचे."

"कुठे? ही तर बाई गातेय."

"खाली ऐका."

काहींना ऐकू यायचं. ज्यांना यायचं त्यांच्या चेहऱ्यावर गंमत वाटल्यासारखा बदल व्हायचा. मग ते उरलेलं गाणं मान खाली घालूनच ऐकायचे. अशी माझी शंभरेक गिऱ्हाइकं तरी मी तयार केली असतील. शेखी मिरवते म्हणा, मला चालेल.

मग पहिल्या रेकॉर्डला तीस वर्षं झाली आणि दादांनी घाट घातला की पाचही जणांनी पुन्हा एकदा स्टेजवर यायचं. मोठा हॉल ठरला, तिकिटं संपली, आणि तीन आठवडे आधी ताईंच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, काढलीही. पण डॉक्टरांनी बजावलं, सहा आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. दादा आमच्या स्वयंपाकघरात येऊन डोकं धरून बसले.

पण ह्यांनी ज्यांना आधार दिला होता ती मंडळी आपण होऊन धावून आली. प्रत्येकानं एकेक गाणं वाटून घेतलं. उरलं खिडकीचं गाणं. त्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं आता फार मोठं नाव झालंय, ती म्हणाली, "काका, वरचं मी गाते."

"नको बाळा," हे म्हणाले. "ते ताईचं आहे. त्या जागेवर कुणी उभं राहायचं नाही."

"मग गाळू या गाणं," दादा म्हणाले.

"गाळायचं कशाला? मी गातो. माझं."

दादांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं, जशी काही बंद लिफ्टच बोलली. "अरे, नुसतं खालचं? लोकांना कळणारसुद्धा नाही!"

मीही दादांच्या बाजूची. खोटं कशाला सांगू? मला भीती वाटत होती. दादा गेल्यावर मी ह्यांच्यावर ओरडले, "एकदा हसं झालं ते पुरलं नाही का? परत दीड वर्ष तोंड मिटून बसलात तर मी काय करू?"

हे शांतपणे कप विसळत होते. म्हणाले, "तेव्हा मी ताईचं गायला गेलो होतो, म्हणून हसले. आता माझं गातो. मग हसले तर हसू देत. पण एकदा मला ते गाऊन बघायचंय. एकट्यानं." मी कोट शिवायला घेतला. आता दोन बोटांवर भागण्यासारखं राहिलं नव्हतं, चांगला वीतभर कपडा सोडावा लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी ताई माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. गळ्याला रुमाल, मांडीवर छोटी वही आणि पेन्सिल. काही सांगायचं असलं की लिहायच्या. 'हॉल भरला?' 'पडदा मळका आहे.' तशा त्या आजारातही बदलल्या नव्हत्या.

खिडकीच्या गाण्याची वेळ आली. दादा पियानोवर बसले, जुळे आपापल्या जागी, पण ते तिघं गाणार नव्हते. मधला माइक रिकामा. हे आपल्या नेहमीच्या जागेवर, मागे, कडेला. दिवेवाला गोंधळला आणि त्यानं झोत रिकाम्या माइकवरच सोडला. हे अंधारात. मी पदर तोंडात धरला.

सुरुवात वाजली आणि टाळ्या कडाडल्या. सगळे ताईंच्या आवाजाची वाट बघत होते. आणि ह्यांनी त्यांचं सुरू केलं. ते खालचं म्हणजे तीन-चार स्वर, इकडून तिकडे, सावकाश. टाळ्या विरल्या. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "हे कुठलं गाणं?" कोपऱ्यातून कुणी तरी फिसकन हसलं. हे ऐकणार, हे थांबणार, खुर्ची असती तर नीट लावून निघून जाणार.

हे थांबले नाहीत. दुसरी ओळ. तिसरी. जिथे ताई वर चढायच्या तिथे हे खाली उतरले आणि ह्या वेळी ते उतरणं चुकल्यासारखं वाटलं नाही. दिवेवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दुसरा झोत हळूच ह्यांच्यावर आणला. बूट काढलेले, हात मोकळे, डोळे उघडे. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटा माणूस, आणि कुठेही डळमळ नाही. मला वाटलं, उठून सगळ्यांना ओरडून सांगावं की हे आमचे, खाली ऐका. पण सांगायची गरज राहिली नव्हती. हॉल ऐकतच होता.

चौथ्या ओळीला वरच्या गॅलरीतून एका बाईचा आवाज आला, थोडा घोगरा, घरात काम करताना गातो तसा. ती वरचं गात होती. मग तिच्या शेजारचं कुणी. मग रांगच्या रांग. ज्या माणसानं 'कुठलं गाणं' विचारलं तोही गायला लागला, बेसूर, बायकोचा हात धरून. अख्खा हॉल ताईंचं गात होता आणि हे त्या सगळ्यांच्या खाली उभे होते. लोक श्वास घ्यायला थांबले की ह्यांचा आवाज तेवढा चालू राहायचा आणि पुन्हा लोक त्याच्यावर चढायचे. माझा ऊर असा भरून आला की मला माझा स्वतःचा ब्लाउजही घट्ट झाला. तीस वर्षं हा माणूस माझ्या घरात राहतो, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटतो हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. नुसती 'इतर, चहा घ्या' म्हणत राहिले.

मी ताईंकडे पाहिलं. त्या गात नव्हत्या, ओठही हलवत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं भान नव्हतं. त्यांनी वही पुढे केली. अक्षर वेडंवाकडं आलं होतं.

'हे मी कधी ऐकलंच नव्हतं.'

"कधीच नाही?" मी कानाशी तोंड नेऊन विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि खाली लिहिलं, 'मी गात असायचे ना.'

मग वही मिटली, पेन्सिल पर्समध्ये ठेवली आणि खुर्चीत पुढे सरकून ऐकत बसल्या.